तक्रार ‘अंशतः मंजूर’ झाली, पण खर्चाचं काय? वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणात खर्चाची वाटणी कशी मागावी

ग्राहक आयोगातल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या निकालपत्रात शेवटच्या पानावर एक ओळ हमखास भेटते: ‘तक्रारीच्या खर्चापोटी रु. ५,०००/- द्यावेत.’ कुठे दहा हजार, कुठे नुसतंच ‘खर्चाबाबत आदेश नाही’. तक्रारदाराचे खिशातून लाख-सव्वा लाख गेलेले असतात. तो चिडतो, आयोगाला नावं ठेवतो. मग फाइल उघडून बघावी, तर मागणीच्या परिच्छेदात ‘व खर्च मिळावा’ एवढेच शब्द. हिशोब नाही, पावत्या नाहीत, कुठला पैसा कशासाठी गेला याचा पत्ता नाही. अशा फाइलवर आयोगाने ठोक आकडा लिहिला तर नवल नाही.

तक्रार पूर्ण मंजूर झाली तर हे एक वेळ खपून जातं. अर्धी मंजूर, अर्धी नामंजूर झाली की मात्र प्रश्न येतो: हरलेल्या भागावरचा खर्च कोणाचा? त्याचं उत्तर तुम्ही कागदावर तयार ठेवलं नसेल, तर ते दुसरं कोणीतरी अंदाजाने देतं.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगासमोरच्या तक्रारीला धरून लिहिले आहेत. दिवाणी न्यायालयात काय बदलतं ते टप्पा ७ मध्ये आहे. आयोगाच्या आदेशात समोरच्या पक्षाला कुठे ‘सामनेवाले’, कुठे ‘विरुद्ध पक्ष’, कुठे ‘जाबदेणार’ म्हणतात. मी ‘सामनेवाले’ म्हणतो.

टप्पा १ : ‘अंशतः’ म्हणजे नक्की कशात, ते आधी ओळखा

बहुतेक चुका इथेच होतात. ‘अंशतः मंजूर’ हे एकच लेबल तीन वेगळ्या गोष्टींना लागतं आणि तिन्हींत खर्चाचा युक्तिवाद वेगळा असतो.

*रकमेत अंशतः.* निष्काळजीपणा पूर्ण सिद्ध झाला, पण मागितले १८ लाख आणि मिळाले ६. इथे तुमचा मुद्दा सरळ आहे. हलगर्जी सिद्ध करायला केस पेपर, तज्ज्ञ, शपथपत्रं सगळं लागलंच असतं. रक्कम कमी ठरली म्हणून तो खर्च कमी झाला नसता.

*पक्षकारांत अंशतः.* सर्जन आणि रुग्णालय जबाबदार ठरले, भूलतज्ज्ञ सुटला. त्याच्याविरुद्ध तक्रार खारीज झाली आहे, म्हणजे त्याच्यापुरते तुम्ही हरलेले आहात. तो स्वतःचा खर्च तुमच्याकडून मागू शकतो.

*मुद्द्यांत अंशतः.* सामनेवाला एकच, आरोप तीन: संमतिपत्र नीट घेतलं नाही, शस्त्रक्रिया चुकली, नंतरची देखरेख ढिली होती. त्यातला एकच टिकला. सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार हाच, आणि हिशोब नसेल तर सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं.

प्रत्यक्षात तिन्हींची खिचडी असते. तरी निकाल हातात आल्यावर (आणि युक्तिवादाआधी अंदाजाने) कागदावर तीन रकाने पाडून लिहा: रक्कम, पक्षकार, मुद्दे.

तपासा : भरपाई आणि खर्च या दोन वेगळ्या पिशव्या आहेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेचं बिल, औषधं, उपचारासाठी पुण्या-मुंबईला केलेल्या फेऱ्या, तिथलं राहणं ही सगळी भरपाई. वकील, टंकलेखन, तज्ज्ञाचा अभिप्राय, तारखांना येणं-जाणं हा तक्रारीचा खर्च. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा या प्रकरणात ६ कोटी ८ लाख ५५० रुपये दिले, तेव्हा उपचाराचे ७ लाख, मुंबईतल्या प्रवास व हॉटेलचे ६ लाख ५० हजार आणि खटल्याच्या खर्चाचे ११ लाख ५० हजार असे वेगवेगळे आकडे लिहिले. मूळ मागणी ७७ कोटींहून अधिक होती, म्हणजे तीही रकमेच्या अर्थाने ‘अंशतः’च मंजुरी. एक आकडा दोन्ही पिशव्यांत टाकलात तर समोरचा वकील तो दोन्हीकडून उडवायला बघतो.

टप्पा २ : तक्रार लिहितानाच खर्चाची जागा करून ठेवा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३९ खाली जिल्हा आयोगाला पक्षकारांना पुरेसा खर्च देववण्याचा अधिकार आहे. मूळ इंग्रजीत शब्द ‘पुरेसा’ याच अर्थाचा आहे. ‘नाममात्र’ असा नाही. पण किती पुरेसा, हे विवेकाधीन आहे. आणि विवेकाला कागद लागतो.

मागणीच्या परिच्छेदात खर्च स्वतंत्र क्रमांकाने मागा. मला चालणारा मसुदा असा (त्यातलं ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ म्हणजे पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते):

‘तक्रारीचा प्रत्यक्ष व वाजवी खर्च, अंतिम युक्तिवादावेळी दाखल करण्यात येणाऱ्या खर्चपत्रकानुसार, सामनेवाले क्र. १ ते ३ यांनी संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या द्यावा. तक्रार अंशतः मंजूर झाल्यास मंजूर मुद्द्यांशी संबंधित खर्च स्वतंत्रपणे निर्धारित करावा. व खर्चाच्या रकमेवरही आदेशाच्या तारखेपासून व्याज द्यावे.’

‘तक्रार अंशतः मंजूर झाल्यास’ हे शब्द पाहून अनेक वकील दचकतात. आधीच हार मानल्यासारखं वाटतं म्हणतात. माझ्या मते ही भीती पोकळ आहे. पर्यायी मागणी लिहिणं ही रोजची पद्धत आहे.

याच टप्प्यावर दोन मोह टाळा. पहिला, आकडा फुगवण्याचा. २०१९ च्या कायद्यात आयोगाचं आर्थिक अधिकारक्षेत्र आणि शुल्क तुम्ही किती मागता यावर ठरत नाही. सेवेसाठी किती मोबदला दिला यावर ठरतं. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा आयोगात जाते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. म्हणून लोक एक कोटी लिहून मोकळे होतात, फुकट तर आहे! पण त्या कोटीच्या समर्थनार्थ काहीच नसेल, तर ‘अवास्तव मागणी’ हे दोन शब्द निकालपत्रात येतात आणि खर्च देताना हात आखडतो.

दुसरा मोह, केस पेपरवर ज्याची सही दिसेल त्याला सामनेवाला करण्याचा. प्रत्येक जादा सामनेवाला म्हणजे जादा नोटीस, जादा लेखी जबाब, जादा तारखा. तो सुटला तर त्याचा खर्च तुमच्या अंगावर. जोडण्याआधी विचारा: याच्या हातून नेमकं काय घडलं किंवा राहिलं, हे एका वाक्यात लिहिता येतं का? येत नसेल तर थांबा. (उलट, ज्याला जोडायलाच हवं त्याला सोडलंत तर मूळ प्रकरणच लंगडं होतं. म्हणून हा निर्णय तज्ज्ञाचं मत हातात आल्यावर घ्या.)

टप्पा ३ : खर्चवही, पहिल्या दिवसापासून

एक साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते. रकाने सहा: तारीख, रक्कम, कशासाठी, कोणत्या मुद्द्यासाठी, कोणत्या सामनेवाल्यासाठी, पुरावा.

चौथा आणि पाचवा रकाना हाच या सगळ्या लेखाचा जीव आहे, आणि नेमके तेच कोणी भरत नाही. प्रत्येक नोंदीपुढे खूण करा: ‘सा’ म्हणजे सामाईक, ‘म१’, ‘म२’, ‘म३’ म्हणजे आरोपांचे मुद्दे, ‘र’ म्हणजे नुकसानीची रक्कम सिद्ध करायचा खर्च. तीन वर्षांनी आठवून खुणा करता येत नाहीत. केल्या तरी त्या बनवल्यासारख्या दिसतात.

वहीत काय यावं:

- कायदेशीर नोटीस, मसुदा, टंकलेखन, झेरॉक्स, नोटरी, टपाल.
- वकिलाची फी. पावतीसह, शक्यतो चेक किंवा यूपीआयने दिलेली.
- वैद्यकीय नोंदींच्या प्रती. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मागणीपत्राची पोच जपा. नोंदी देण्यात टाळाटाळ झाल्यामुळे जादा अर्ज करावे लागले, तर तो खर्च समोरच्याच्या वागण्यातून आलेला आहे. त्याला वेगळी खूण करा.
- तज्ज्ञाचं मत. एकाच तज्ज्ञाने दोन मुद्द्यांवर मत दिलं असेल तर फीची विभागणी त्याच्याच पावतीवर लिहून घ्या.
- आयोगाने शासकीय रुग्णालयाच्या मंडळाकडे अभिप्राय मागवला आणि त्याचं शुल्क तुम्ही भरलं असेल, तर ते.
- तारखांचा प्रवास. एसटी किंवा रेल्वेचं तिकीट, आणि त्या तारखेला काय कामकाज झालं ते एका ओळीत.

काय येऊ नये: नातेवाइकांचा चहापाणी, ‘मानसिक त्रासामुळे बुडालेले दिवस’ (तो भरपाईचा भाग), आणि वकिलाशी ‘निकालातल्या रकमेचा इतका हिस्सा’ असा झालेला व्यवहार. भारतात वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार काउन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. तो आकडा खर्चपत्रकात लिहिलात तर पैसे मिळणार नाहीतच, वर तुमचा वकीलही अडचणीत येईल.

सावधान : वकिलाशिवाय स्वतः तक्रार चालवणाऱ्यांना वाटतं, आपला खर्चच नाही. असतो. टंकलेखन, प्रती, तज्ज्ञ, प्रवास, सगळं असतं. फक्त वकिलाची फी नसते.

टप्पा ४ : प्रकरण चालू असताना तीन नोंदी चुकवू नका

*तहकुबीचा खर्च.* समोरच्याने तारीख मागितली आणि आयोगाने त्याच्यावर खर्च बसवला, तर तो मिळाला की नाही ते लिहा. ती रक्कम अंतिम खर्चाहून वेगळी. तुम्हीच तारीख मागून खर्च भरला असेल, तर तो पुन्हा समोरच्याकडून मागू नका. लगेच पकडलं जातं.

*उशिराचा लेखी जबाब.* सामनेवाल्याला ३० दिवस आणि वाढवून १५ दिवस एवढीच मुदत आहे. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. या वादात तुमच्या ज्या तारखा गेल्या त्यांची नोंद ठेवा.

*तडजोडीचे देकार.* समोरच्याने अमुक रक्कम देतो म्हणून पत्र पाठवलं आणि तुम्ही नाकारलं. शेवटी निकालात त्याहून कमी मिळालं. मग ‘त्या दिवसानंतरचा खर्च तक्रारदाराने ओढवून घेतला’ असा युक्तिवाद येणार हे धरून चाला. म्हणून देकार नाकारताना कारण लिहून नाकारा: रक्कम कमी आहे, व्याज नाही, खर्च धरलेला नाही, सगळे सामनेवाले त्यात नाहीत. तुम्ही देकार दिला असेल आणि त्यांनी नाकारला असेल, तर तेच हत्यार तुमच्या हातात. मध्यस्थीच्या बैठकीत जे बोललं गेलं ते मात्र गोपनीय. ते खर्चाच्या युक्तिवादात आणू नका.

टप्पा ५ : अंतिम युक्तिवादाआधी खर्चपत्रक

आता मुख्य काम. लेखी युक्तिवादासोबत एक-दोन पानांचं खर्चपत्रक शपथपत्रासह दाखल करायचं. ते कसं करायचं हे एका काल्पनिक उदाहरणावर दाखवतो, नाहीतर सगळं हवेत राहील.

समजा, मागणी १८ लाखांची: दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च ३ लाख २० हजार, बुडालेलं उत्पन्न ६ लाख ८० हजार, पुढचे उपचार ३ लाख, त्रासापोटी ५ लाख. सामनेवाले तीन: सर्जन, रुग्णालय, भूलतज्ज्ञ. मुद्दे दोन: शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष (म१) आणि भूल देण्यातली चूक (म२).

म१ सर्जन व रुग्णालयाविरुद्ध सिद्ध झाला, म२ नाही. शस्त्रक्रियेचे ३ लाख २० हजार पूर्ण, उत्पन्नापोटी २ लाख, त्रासापोटी १ लाख मिळाले. एकूण ६ लाख २० हजार, म्हणजे मागणीच्या सुमारे ३४ टक्के.

खर्चवहीची बेरीज १ लाख २४ हजार:

- सामाईक (वकील, नोटीस, मसुदा, प्रती) : ६२,०००
- म१ चा तज्ज्ञ : २५,०००
- म२ चा तज्ज्ञ : १८,०००
- उत्पन्न सिद्ध करायला सीए, दाखले : ९,०००
- आठ तारखांचा प्रवास : १०,०००

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे रकमेचं प्रमाण खर्चाला लावणं. १ लाख २४ हजारांचे ३४ टक्के, म्हणजे सुमारे ४२ हजार. दिसायला न्याय्य, पण तर्काने चूक. खर्च रुपयांच्या प्रमाणात झालेला नाही, कामाच्या प्रमाणात झाला आहे. १८ लाखांऐवजी ६ लाखच मागितले असते तरी म१ च्या तज्ज्ञाने पंचवीस हजारच घेतले असते.

म्हणून एकेका ओळीला एकच प्रश्न विचारा: मी फक्त जिंकलेलाच भाग मांडला असता, तर हा खर्च झाला असता का?

- म१ चा तज्ज्ञ : पूर्ण झाला असता. २५,०००.
- म२ चा तज्ज्ञ : झालाच नसता. शून्य. इथे मन मोठं करा.
- उत्पन्नाचा पुरावा : मुद्दा टिकला, रक्कम कमी मिळाली. सीएचं काम बहुतांशी तेवढंच. दोन-तृतीयांश मागा, ६,०००.
- सामाईक : मसुद्यात आणि उलटतपासाच्या प्रश्नावलीत म२ चा वाटा होता. १५ टक्के वगळा, ५२,७००.
- प्रवास : आठपैकी दोन तारखा निव्वळ भूलतज्ज्ञाच्या जबाबासाठी गेल्या. उरलेल्या सहांचे ७,५००.

एकूण ९१,२००. ४२ हजार आणि ९१ हजार यांतला फरक तुमच्या चौथ्या-पाचव्या रकान्याने कमावलेला आहे.

आता उरली उलट बाजू. भूलतज्ज्ञ सुटला. त्याने खर्च मागितला तर? दोन गोष्टी मांडता येतात. एक, त्याला जोडण्याचं कारण त्या वेळी रास्त होतं, कारण नोंदींतच भुलीच्या वेळा अपुऱ्या होत्या. दोन, त्याचा बचाव रुग्णालयाच्या त्याच वकिलाने केला असेल तर त्याचा वेगळा खर्च फार झालेला नाही. ‘सामनेवाले क्र. ३ व तक्रारदार यांनी आपापला खर्च सोसावा’ अशी स्वतःहून मागणी करा. सुटलेल्या माणसाकडूनही खर्च हवा असा हट्ट धरलात, तर उरलेल्या पत्रकाची विश्वासार्हता जाते.

तपासा : प्रत्येक ओळीपुढे निशाणी क्रमांक (दाखल कागदाला फाइलमध्ये मिळणारा क्रमांक) आहे का? बेरीज बरोबर आहे का? वगळलेल्या रकमा दिसतात का? वगळलेलं दाखवणं फार महत्त्वाचं. आयोगाचे सदस्य रोज फुगवलेले हिशोब बघतात. ज्या पत्रकात माणसाने स्वतःच ३२,८०० रुपये सोडून दिले आहेत, ते पत्रक वेगळ्या नजरेने वाचलं जातं.

एवढं करूनही ९१ हजार मिळतीलच असं नाही. प्रत्यक्ष खर्च आणि मिळणारा खर्च यांत आपल्याकडे दरी आहेच. संजीवकुमार जैन प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्यक्ष फीच्या आधारे ४५ लाख २८ हजारांचा खर्च बसवला होता; सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो नियमांच्या चौकटीबाहेर म्हणून टिकू दिला नाही, आणि त्याच वेळी खर्चाचे नियम वास्तवाशी जुळवावेत असंही सुचवलं. तुमचं पत्रक वाजवी आकड्याच्या जवळ राहिलं पाहिजे. नामांकित वकिलाच्या एका तारखेची फी त्यात टाकून उपयोग नाही.

टप्पा ६ : लेखी युक्तिवादातला परिच्छेद आणि त्याची जागा

खर्चाचा परिच्छेद शेवटी, पण स्वतंत्र मथळ्याखाली. अर्ध्या पानाहून मोठा नको. क्रम असा ठेवा: कोणते मुद्दे सिद्ध झाले असं तुमचं म्हणणं, समोरच्याचं वागणं (नोंदी दडवणं, तारखा, नाकारलेला देकार), पत्रकातली निव्वळ रक्कम, ती कोणी द्यायची.

‘कोणी द्यायची’ यात लोक चुकतात. भरपाई ‘संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या’ मागतात आणि खर्चाला ते शब्द लावायला विसरतात. मग सर्जन म्हणतो अर्धा माझा, रुग्णालय म्हणतं आमचा हिस्सा नाहीच. डॉक्टरची व्यावसायिक विमा कंपनी सामनेवाली असेल, तर पॉलिसीच्या मर्यादेत खर्चही तिने द्यावा हे स्पष्ट मागा.

युक्तिवादाच्या दिवशी खर्चाबद्दल तोंडी एक वाक्य तरी बोला: ‘खर्चपत्रक निशाणी अमुकला दाखल आहे.’ एवढं पुरे. न बोललेलं पत्रक फाइलच्या पोटात झोपून राहतं.

*डॉक्टरांच्या बाजूने वाचणाऱ्यांसाठी :* हेच सगळं तुम्हालाही लागू आहे. अंशतः हरलात म्हणजे खर्चाच्या बाबतीत पूर्ण हरलात असं नाही. टिकला नाही त्या मुद्द्यावर तुमचा किती खर्च झाला याचं पत्रक द्या. बहुतेक डॉक्टर ते देतच नाहीत, आणि ‘तक्रार खोटी आहे, जबर खर्चासह फेटाळावी’ एवढ्यावर थांबतात.

टप्पा ७ : दिवाणी न्यायालयात असाल तर

सर्व रुग्णांना सरसकट मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, म्हणून काही दावे दिवाणी न्यायालयातच येतात. तिथे चार गोष्टी वेगळ्या.

१. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ चा गाभा ‘जिंकेल त्याला खर्च’ हा आहे. न्यायालय तसं करणार नसेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. कारणं नसतील तर अपिलात तो मुद्दा होतो.

२. आदेश २०, नियम ६ प्रमाणे हुकूमनाम्यात (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशात) खर्च किती, कोणी, कोणत्या प्रमाणात द्यायचा हे यायला हवं. ‘प्रमाणशीर खर्चासह दावा अंशतः मंजूर’ असं छापील वाक्य येतं, तेव्हा ते प्रमाण बहुधा रकमेचंच धरलं जातं. तुम्हाला मुद्द्यांचं प्रमाण हवं असेल तर ते हुकूमनामा लिहिला जाण्याआधी सांगा.

३. इथे कोर्ट फी मागणीच्या रकमेवर बसते. फुगवलेल्या भागाची फी प्रमाणशीर खर्चात परत येत नाही. आयोगात फुकट असलेला मोह इथे रोख पैशांत भरावा लागतो.

४. आदेश २४ खाली प्रतिवादी न्यायालयात रक्कम जमा करू शकतो. वादीने ती ‘तूर्त अंशतः’ म्हणून उचलली आणि शेवटी तेवढीच रक्कम योग्य ठरली, तर जमा केल्यानंतरचा खर्च वादीवर येतो. आधीचाही, जेवढा जादा मागणीमुळे झाला तेवढा. अशी जमा झाल्याची नोटीस आली तर त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.

टप्पा ८ : आदेश हातात आल्यावर, पहिल्या आठवड्यात

पेढे वाटण्याआधी शेवटचं पान तीनदा वाचा.

- खर्चाचं कलम स्वतंत्र आहे, की ‘त्रासापोटी व खर्चापोटी एकत्रित’ असं लिहिलं आहे?
- ते कोणत्या सामनेवाल्यांविरुद्ध आहे? क्रमांक बरोबर आहेत का?
- मुदत कधीपासून: आदेशाच्या तारखेपासून की प्रत मिळाल्यापासून?
- व्याजाचं वाक्य खर्चाला लागू होतं, की फक्त भरपाईला?
- सुटलेल्या सामनेवाल्याचा खर्च तुमच्यावर बसवला आहे का?

बेरजेची चूक, चुकलेला क्रमांक, किंवा मजकुरात खर्च मान्य करून अंतिम आदेशात राहून गेलेला आकडा अशी उघड दिसणारी चूक असेल, तर कलम ४० खाली ३० दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करा. ‘खर्च कमी दिला’ ही तक्रार मात्र या अर्जात बसत नाही.

त्यासाठी अपील, राज्य आयोगाकडे, कलम ४१ खाली, ४५ दिवसांत. निव्वळ खर्चासाठी अपील करू नका, असाच माझा सल्ला राहील. खर्च विवेकाधीन असल्याने वरचा आयोग सहसा हात घालत नाही, आणि अपिलाचा खर्चच जास्त होतो. भरपाई वाढवून मागण्यासाठी अपील करणारच असाल, तर खर्चाचा मुद्दा स्वतंत्र आधार म्हणून जोडा, आणि खर्चपत्रक खालच्या फाइलमध्ये होतं हे दाखवा. तिथे ते पहिल्यांदाच काढलंत तर ‘आधी कुठे होतं?’ हा प्रश्न ठरलेला.

सावधान : समोरच्याने अपील केलं म्हणून तुमची रक्कम वाढवून मिळण्याची वाट आपोआप उघडत नाही. तुम्हाला वाढ हवी असेल तर तुमचं अपील तुमच्या मुदतीत. रक्कम द्यायचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला अपिलासाठी त्या रकमेच्या ५० टक्के आधी जमा करावे लागतात. ते जमा झाले का, हे पहिल्याच तारखेला विचारा.

टप्पा ९ : वसुली

मुदत संपली आणि पैसे आले नाहीत, तर कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली आणि कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दल शिक्षेची कारवाई, असे दोन मार्ग आहेत. दरखास्तीत (वसुलीच्या अर्जात) भरपाई, व्याज आणि खर्च तीन वेगळ्या ओळींत दाखवा. एकच बेरीज लिहिली की आकड्यांचा वाद आणखी चार तारखा खातो.

थोडेच पैसे आले तर पावतीवर लिहा: ‘आदेशातील रकमेपैकी अंशतः, आधी व्याज व खर्च, नंतर मूळ रक्कम याप्रमाणे जमा.’ रुग्णालयाकडून येणाऱ्या छापील पावतीत बहुधा ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द आधीच असतात. चेकवरचा आकडा बघण्याच्या घाईत त्यावर सही होते, आणि खर्चाची ओळ तिथेच संपते. ते शब्द खोडा, शेजारी सही करा, पावतीचा फोटो काढा, मग चेक घ्या.